वरचा कॉमा: शिक्षकाचा की शिक्षकांचा?

एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात: पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या गल्लीत त्या 24 वर्षं डीटीपीचं दुकान चालवतात. लग्नपत्रिका, बायोडेटा, भाडेकरार, दुकानांच्या पाट्या असं सगळं काम येतं. शाळेत इंग्रजीच्या बाई कडक होत्या, त्यामुळे अपॉस्ट्रॉफी, म्हणजे वरचा कॉमा, राहून गेलेला त्यांना बघवत नाही. गिऱ्हाईकाच्या मजकुरात नसेल तर त्या स्वतःहून घालतात. मागच्या महिन्यात कोथरूडच्या एका क्लासची पाटी केली. क्लासच्या सरांनी कागदावर ‘टीचर्स ट्रेनिंग सेंटर’ असं वरच्या कॉमाशिवाय लिहून दिलं होतं. ताईंनी तो एसच्या आधी घातला. ॲक्रिलिकची अक्षरं कापून झाली, पाटी लागली, आणि आता सर म्हणतात, “मी दिलं तसं केलेलं नाही.” उरलेले पैसे अडकले आहेत. दुकानात मदतीला येणारा इंजिनिअरिंगचा भाचा म्हणतो, “मावशी, आता कुणी बघत नाही ते. इंग्लंडमध्येच पाट्यांवरून काढून टाकलाय.” ताई विचारतात: वरच्या कॉमाला अजून काही अर्थ आहे का? आणि लोकांच्या मजकुरात तो मी घालावा की नाही?

प्रिय ताई,

अर्थ आहे. पण सगळीकडे सारखा नाही, आणि तुम्ही धरून चाललात तितका तो नियम सरळही नाही. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. हे चिन्ह महत्त्वाचं आहे का, हा एक. दुसऱ्याच्या मजकुरात ते न विचारता घालण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून दुसऱ्याचं ‘हो’ येत नाही. (इंग्रजी शब्द इथे देवनागरीत लिहिते आहे. चिन्ह मात्र इंग्रजीत जिथे पडतं तिथेच ठेवलं आहे.)

आधी हे चिन्ह करतं काय ते पाहू. टीचर्स, टीचर’स आणि टीचर्स’ हे तीन शब्द मोठ्याने वाचा. कानाला तिन्ही एकच. पहिला म्हणजे अनेक शिक्षक, दुसरा म्हणजे एका शिक्षकाचा, तिसरा म्हणजे अनेक शिक्षकांचा. बोलताना संदर्भावरून कळतं, पण कागदावर ते काम या एवढ्याशा चिन्हाकडे येतं. मराठीत हेच काम अनुस्वार करतो: ‘शिक्षकाची खोली’ आणि ‘शिक्षकांची खोली’. फरक एका टिंबाचा, पण एका खोलीत एक खुर्ची पुरते आणि दुसरीत वीस लागतात. ते टिंब गाळलेलं तुम्ही मराठी मजकुरात चालवून घेणार नाही. इंग्रजीतला वरचा कॉमा त्याच जातीचा आहे, फक्त तो ऐकू येत नाही.

त्याचं दुसरं काम गाळलेल्या अक्षराची जागा दाखवण्याचं. डू नॉटचं डोन्ट होताना ओ गेला, तिथे चिन्ह बसलं. संस्कृतात ‘सः अहम्’चं ‘सोऽहम्’ होताना गेलेल्या ‘अ’च्या जागी अवग्रह येतो, तसंच हे. किंबहुना मूळ काम हेच. सोळाव्या शतकात हे चिन्ह फ्रेंचकडून इंग्रजीत आलं ते गाळलेलं अक्षर दाखवायला. जुन्या इंग्रजीत मालकी दाखवायला बऱ्याच नामांना ‘ईएस’ असा प्रत्यय लागायचा. त्यातला ई उच्चारातून गेला आणि पुढे त्याच्या जागी चिन्ह आलं. एसनंतर चिन्ह देऊन अनेकवचनी मालकी दाखवण्याची पद्धत तर त्याहून उशिरा, अठराव्या शतकात रुळू लागली. इतकंच कशाला, ‘त्याचा’ या अर्थाचा इट्स आज आपण चिन्हाशिवाय लिहितो, पण सतराव्या-अठराव्या शतकात चांगले लिहिणारेही तो चिन्हासकट लिहीत. शाळेत जो नियम अढळ म्हणून शिकवला गेला, तो घडत घडत आलेला आहे. आपल्याकडेही 1962 मध्ये शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम स्वीकारले आणि ‘नांव’, ‘कांहीं’ यांच्यावरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. पण अनेकवचनी सामान्यरूपावरचा, ‘शिक्षकांचा’मधला अनुस्वार ठेवला गेला, कारण तो काम करत होता.

तुमच्या भाच्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने 2009 मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवर हे चिन्ह न वापरण्याचं ठरवलं. केंब्रिजनेही तसं केलं होतं, पण लोकांनी विरोध केला आणि 2014 मध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. अमेरिकेत स्थलनामांचं सरकारी मंडळ 1890 पासून आहे आणि मालकीचं चिन्ह ते नावात सहसा येऊ देत नाही, मोजके अपवाद सोडून. लंडनच्या भुयारी रेल्वेत अर्ल’स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही शेजारशेजारची स्टेशनं आहेत. पहिल्यात चिन्ह आहे, दुसऱ्यात नाही. पण ही सगळी नावं आहेत. नाव हा एक शिक्का असतो, त्यातली मालकी केव्हाच पुसली गेलेली असते. नावातून चिन्ह काढलं म्हणून वाक्यातून काढलं असं होत नाही, आणि नेमकं तेच भाचा एकत्र करतो आहे. आपल्या शहरात पाहा: कयानी बेकरी, फर्ग्युसन कॉलेज. कुठेही एस नाही, चिन्ह नाही, आणि कुणाचं काही अडलेलं नाही. कॅम्पातल्या बिशप’स स्कूलच्या नावात मात्र आहे. जे नाव त्या संस्थेने जसं ठेवलं तसंच छापायचं, त्यात आपलं व्याकरण चालवायचं नाही.

आता जिथे खरोखर अडतं ते. ऑक्टोबर 2021 मध्ये ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या एका न्यायालयापुढे अब्रुनुकसानीचा खटला होता. एका माणसाने फेसबुकवर आपल्या जुन्या मालकाबद्दल लिहिलं होतं की तो एम्प्लॉईज सुपरॲन्युएशन, म्हणजे निवृत्तिनिधीचे पैसे, भरत नाही. एम्प्लॉईजमध्ये चिन्ह नव्हतं. लिहिणाऱ्याचं म्हणणं, मला एकाच कर्मचाऱ्याबद्दल, स्वतःबद्दल, बोलायचं होतं. पण चिन्ह नसताना तो शब्द अनेकवचनी वाचता येतो, आणि मग आरोप ‘सगळ्या कर्मचाऱ्यांचे पैसे बुडवतो’ इतका मोठा होतो. न्यायाधीशांनी खटला सुरुवातीलाच फेटाळायला नकार दिला. शिक्षकाचा की शिक्षकांचा, हाच प्रश्न, फक्त इथे कोर्टाची पायरी चढावी लागली.

तुमच्या दुकानात या धोक्याच्या सगळ्यात जवळ जाणारं काम भाडेकराराचं. लीव्ह अँड लायसन्सच्या मसुद्यात ‘लायसेन्सर’स कन्सेंट’ म्हणजे एका मालकाची संमती, ‘लायसेन्सर्स’ कन्सेंट’ म्हणजे मालकांची. फ्लॅट नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर असेल तर एकाची सही पुरेल का, हा वाद त्या एका चिन्हावर उभा राहू शकतो. असा मजकूर आला तर चिन्ह नीट बसवण्यापेक्षा ‘दोन्ही मालकांची लेखी संमती’ असं शब्दांत लिहायला वकिलांना सुचवा. नोटिशीच्या मुदतीत एका महिन्याला ‘वन मंथ’स नोटीस’, दोन महिन्यांना ‘टू मंथ्स’ नोटीस’. तिथे चुकलं तर अर्थ बदलत नाही, कारण आकडा समोर असतो. तरीही बरोबर लिहा, पण त्यासाठी रात्र जागू नका.

मग चिन्ह कधी घालायचं? इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक उघडण्याआधी आठवीत शिकलेला समासाचा विग्रह आठवा. शब्दजोडीचा मराठीत विग्रह करायचा. ‘चा-ची-चे’ आलं तर चिन्ह हवं. प्रत्ययाआधी अनुस्वार असेल तर एसनंतर, नसेल तर एसच्या आधी. 5 सप्टेंबरचा शिक्षक दिन म्हणजे शिक्षकांचा दिवस, म्हणून टीचर्स’ डे. आणि विग्रहात ‘साठी’ आलं तर चिन्ह नसलं तरी चालतं. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेची लेखनशैली नेमकं हेच सांगते: ‘चा’ऐवजी ‘साठी’ बसत असेल आणि शब्द एसने संपत असेल, तर तो नुसता वर्णनाचा शब्द समजा आणि चिन्ह देऊ नका. पुस्तकांसाठी वापरली जाणारी तिथलीच शिकागोची शैली अशा ठिकाणीही चिन्ह द्या म्हणते. म्हणजे बॉईज हॉस्टेल, मुलांसाठीचं वसतिगृह, दोन्ही तऱ्हेने लिहिता येतं. ज्याने चिन्ह दिलं नाही तो अडाणी आहे असं समजण्याचं कारण नाही.

या कसोटीत आपल्या मराठीमुळे दोन खड्डे पडतात. पहिला आदरार्थी बहुवचनाचा. ‘जोशी सरांचा क्लास’ म्हणताना अनुस्वार येतो, पण सर एकच आहेत, म्हणून इंग्रजीत जोशी सर’स क्लास. विग्रह करताना क्षणभर आदर बाजूला ठेवायचा आणि माणसं मोजायची. दुसरा खड्डा मेन, विमेन आणि चिल्ड्रन या शब्दांचा. हे एसशिवायच अनेकवचनी आहेत. अनुस्वार दिसला म्हणून एसनंतर चिन्ह द्याल तर चुकेल. तिथे ते नेहमी एसच्या आधीच, आणि ‘साठी’ची सवलतही नाही, कारण एमईएनएस असा नुसता शब्द इंग्रजीत नाहीच. 14 नोव्हेंबरचा चिल्ड्रन’स डे, कपड्यांच्या दुकानाचं मेन’स वेअर, ही पक्की.

आता थोडं कठीण बोलायचं आहे. क्लासच्या सरांच्या पाटीचा विग्रह करा: शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र. ‘साठी’ आलं आणि अनुस्वारही आला. म्हणजे सरांनी दिलेलं ‘टीचर्स ट्रेनिंग सेंटर’ बरोबर होतं. टीचर्स’ हेही चाललं असतं. तुम्ही एसच्या आधी चिन्ह घातलंत आणि पाटीवरून ते केंद्र एकाच शिक्षकाच्या प्रशिक्षणाचं झालं. तुमची तळमळ खोटी नव्हती. पण नियम पुरता न तपासता, आणि न विचारता, दुरुस्ती झाली. सर पैसे अडवून बसले आहेत ते बरं नाही, पण त्यांची तक्रार रास्त आहे.

रोजच्या कामात कुठे हात घालावा आणि कुठे घालू नये, तेही सांगते. बायोडेटा आला की डोळ्यांत तेल घालून बघा. तो वाचणारा माणूस दोन मिनिटांत ठरवणार असतो, आणि लिहिणाऱ्याबद्दल त्याच्याकडे त्या कागदाशिवाय काही नसतं. मास्टर’स डिग्रीला चिन्ह हवं, पण मास्टर ऑफ कॉमर्स लिहिलं की एसही नको आणि चिन्हही नको. ‘टेन इयर्स’ एक्स्पीरियन्स’ अवघड वाटत असेल तर ‘टेन इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स’ करा, प्रश्नच मिटतो. इट्सची कसोटी सोपी: तिथे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असं सुटं करून वाचा. वाक्य उभं राहिलं तर चिन्ह द्या. ‘त्याचा’ असा अर्थ असेल तर देऊ नका. इंग्रजीत हिज, हर्स, देअर्स या मालकीच्या सर्वनामांना चिन्ह नसतं, इट्सही त्याच घरातला. ही चूक शिकलेल्यांच्या हातून सगळ्यात जास्त होते, कारण ‘मालकी म्हणजे चिन्ह’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

नुसत्या अनेकवचनाला चिन्ह देत नाहीत: फोटोज, सीडीज, 1990ज. चिन्ह राहून जाण्यापेक्षा नको तिथे घुसलेलं चिन्ह डोळ्यांना जास्त खुपतं. फ्लॅटच्या दारावर ‘द कुलकर्णी’स’ अशी पाटी करून मागतात, तिथे कुलकर्णी मंडळी असं म्हणायचं असतं, म्हणून ‘द कुलकर्णीज’, चिन्हाशिवाय. लेडीज टेलरच्या पाटीवर आयईच्या पुढे आणि एसच्या आधी चिन्ह आलेलं दिसतं. तसा शब्दच नाही. चिन्ह द्यायचंच तर एसनंतर, नाहीतर मुळीच नाही. आणि देवनागरी पाटीवर ते अजिबात देऊ नका. ‘जोशीज’ असं सलग लिहा. मराठीला त्या चिन्हाची गरज नाही.

चिन्ह बरोबर असूनही छापताना बिघडतं, त्याची कारणं वेगळी आणि बहुतेक यंत्राची असतात. संगणकावर सरळ चिन्ह आणि वळणदार चिन्ह अशी दोन वेगळी अक्षरं आहेत. वर्ड सरळ चिन्ह आपोआप वळणदार करतं. पण शब्दाच्या सुरुवातीला, म्हणजे ’90ज लिहिताना, उघडणारं अवतरणचिन्ह टाकतं आणि ते उलटं दिसतं. तिथे चिन्ह दोनदा टाइप करा आणि पहिलं खोडून टाका. पत्रिकेत आणि पाटीत वळणदार वापरा, ते देखणं दिसतं. एस्केपच्या खालच्या कळीवरचं तिरकं चिन्ह मात्र वापरू नका. ते अपॉस्ट्रॉफी नव्हे. खरी कळ एंटरच्या डावीकडे आहे.

गिऱ्हाईकाच्या व्हॉट्सॲपवरून किंवा जुन्या फाइलमधून मजकूर चिकटवल्यावर चिन्हाच्या जागी टोपीवाला ए, युरोचं चिन्ह आणि ट्रेडमार्कचं चिन्ह अशी तीन अक्षरं दिसली, तर मजकूर युनिकोडचा, म्हणजे सगळ्या भाषांना चालणाऱ्या आजच्या संगणकी अक्षरपद्धतीचा, आहे आणि तो जुन्या विंडोज पद्धतीने वाचला गेला आहे. फाइल पुन्हा उघडताना यूटीएफ-8 निवडा. नाहीतर ‘शोधा आणि बदला’ करून तिन्ही एकदम बदला. कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये अपॉस्ट्रॉफीच्या कळीवर अर्धा श बसलेला असतो. त्यामुळे इंग्रजी शब्दाला चुकून मराठी फॉन्ट लागला तर चिन्हाच्या जागी श येतो. आणि वर्डने चिन्ह आपोआप वळणदार केलं तर मराठीतला श बिघडतो. अशा फॉन्टमध्ये काम असेल त्या दिवशी ऑटोकरेक्टमधली ही सोय बंद करून ठेवा.

क्लासवाल्यांसाठी एसएमएसचा मजकूर तुम्ही करत असाल तर तिथे उलट, सरळ चिन्हच वापरा. मूळ एसएमएस वर्णमालेत सरळ चिन्ह आहे, वळणदार नाही. एक वळणदार चिन्ह आलं की अख्खा संदेश युनिकोडमध्ये जातो आणि 160 अक्षरांची मर्यादा 70 वर येते. एका संदेशाचे दोन-तीन संदेश मोजले जातात आणि बिल वाढतं. डिसोझा, डिमेलो अशा आडनावांत डीनंतर चिन्ह असतं. पत्रिकेवर ते नावाच्या मालकाने लिहून दिलं तसं ठेवा. ऑनलाइन फॉर्म भरून देताना मात्र तो फॉर्म चिन्ह घेत नसेल तर चिन्हाच्या जागी मोकळी जागा न सोडता नाव सलग लिहा. पासपोर्टच्या तळाच्या, यंत्राने वाचायच्या ओळींतही चिन्ह गाळून नाव सलगच छापतात.

राहिला तुमचा अधिकाराचा प्रश्न. मजकूर गिऱ्हाईकाचा आहे, त्यामुळे शेवटचा शब्द त्याचा. तुमचं काम दाखवून देण्याचं. प्रूफवर पेन्सिलीने गोल करा, बाजूला दोन पर्याय लिहा आणि त्याच्याकडून एकावर टिक आणि खाली सही घ्या. व्हॉट्सॲपवर प्रूफ पाठवत असाल तर “पाटीत टीचर्स असं चिन्हाशिवाय ठेवते आहे, बरोबर ना?” असा नेमका प्रश्न विचारा. नुसतं “चेक करून सांगा” म्हटलं की लोक फोन नंबर तेवढा तपासतात. ‘हो’ आल्याशिवाय कापायला किंवा छापायला पाठवू नका. कागदाची चूक दोन रुपयांत सुटते, ॲक्रिलिकची सुटत नाही. गिऱ्हाईक चुकीचंच हवं म्हणून अडून बसलं तर तसं करून द्या आणि सही जपून ठेवा.

आणि गप्पांतल्या इंग्रजीवरून भाच्याशी भांडू नका. मित्राला चिन्हाशिवाय डोन्ट लिहिलं तर काही बिघडत नाही. बर्नार्ड शॉ आपल्या छापील नाटकांतही डोन्ट, वोन्ट हे शब्द चिन्हाशिवाय लिहीत. पण ही’ल, म्हणजे ‘तो करील’, याचं चिन्ह त्यांनी ठेवलं, कारण ते काढलं की हेल, म्हणजे नरक, उरतो. भाच्याला हे उदाहरण जरूर सांगा. कुठलं चिन्ह सोडता येतं आणि कुठलं नाही, ते ओळखायला नियम आधी पुरता कळावा लागतो.

आता पाटी. सरांना आजच फोन करा, चूक माझ्याकडून झाली असं सांगा आणि दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने करून द्या. नवी पाटी लागणार नाही. अक्षरं फोम टेपने लावली असतील तर चिन्ह आणि एस यांना केस वाळवायच्या यंत्राने मंद ऊब द्या आणि मागून मजबूत नायलॉनचा दोरा करवतीसारखा पुढे-मागे फिरवा. सिलिकॉनने लावली असतील तर पातळ पात्याने हळूहळू सोडवावं लागेल. पात्याचं टोक शीटवर टेकू देऊ नका. उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर लावू नका, त्याने ॲक्रिलिक धुरकट होतं आणि त्याला तडे जातात. मग एस डावीकडे सरकवून आरच्या शेजारी बसवा, म्हणजे जुना डाग बराचसा त्याच्याखाली जाईल. सुटलेलं चिन्ह टाकून देऊ नका. सरांना दोन्ही पर्याय दाखवा: चिन्हाशिवाय, किंवा एसच्या उजवीकडे चिन्ह लावून. दुसऱ्या पर्यायात शब्दाची रुंदी होती तेवढीच राहते, पुढचं एकही अक्षर हलवावं लागत नाही. ते म्हणतील तसं लावा, त्यांच्याकडून सही घ्या आणि मग बिल पुढे करा.